नारळाचा मंगळवार

टीव्हीवर सामना बघताना तुम्ही चेंडू बघता. मला पगार मिळतो तो चेंडू न बघण्याचा. अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक सामन्याचं एक वेगळं चित्रीकरण होतं. स्टेडियमच्या अगदी वरून, बावीसच्या बावीस खेळाडू चौकटीत मावतील असं. त्यात समालोचन नाही, जाहिराती नाहीत, कुणाचा चेहराही दिसत नाही. एक कॅमेरा मैदानाच्या बाजूने, दुसरा टोकाच्या मागून. पिट्सबर्गच्या आमच्या ऑफिसात बसून मी हे चित्रीकरण मागेपुढे करते आणि प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे अधिक, उणे किंवा शून्य मांडते. पाच-सहा सेकंदांच्या एका डावाला चार मिनिटं जातात. इस्लामपूरहून आईने फोनवर विचारलं, "अगं, पण तू नक्की करतेस काय?" मी म्हटलं, "दुसऱ्यांच्या चुका मोजते." ती म्हणाली, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?"

माझ्याकडे वाइड रिसीव्हर असतात. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायला मैदानाच्या कडेने सुसाट पळत सुटतात ते. त्यातले पहिले तीन म्हणजे संघाचे हिरो, त्यांच्या नावाचे शर्ट दुकानात टांगलेले असतात. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बघते ते पाचवा, सहावा, सातवा. ऑगस्टअखेर ज्यांचा फैसला होतो ते.

हिशोब सरळ आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये ३२ संघ. उन्हाळी शिबिराला प्रत्येकाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी चारला, यादी ५३ वर आलेली असावी लागते. म्हणजे प्रत्येक संघातून ३७, सगळे मिळून ११८४ जणांना एका दिवसात नारळ. मधल्या काही वर्षांत ही कत्तल टप्प्याटप्प्याने व्हायची. २०२३ पासून पुन्हा एका झटक्यात होते. निरोप घेऊन येणाऱ्या माणसाला तिथे 'टर्क' म्हणतात. तो खांद्यावर हात ठेवून सांगतो, कोचनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन चल. हल्ली प्लेबुक म्हणजे टॅब्लेट. पोरं सांगतात की त्या दिवशी न्याहारीच्या वेळी कुणी दाराकडे तोंड करून बसत नाही.

शिबिरात अकरा-बारा रिसीव्हर असतात आणि यादीत उरतात पाच, फार तर सहा. वरचे तीन वसंतातच ठरलेले. चौथा बहुतेक वेळा 'ड्राफ्ट'मध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या फेऱ्याफेऱ्यांनी होणाऱ्या वार्षिक निवडीत, नुकताच निवडलेला नवखा, त्याच्यावर निवडीचा हक्क खर्च झालाय म्हणून तो राहतो. उरलेल्या एक-दोन जागांसाठी सात-आठ पोरं. वर्तमानपत्रं मग लिहितात की अमुक आणि तमुक यांच्यात पाचव्या जागेसाठी चुरस आहे. दोघांचे झेल मोजतात, यार्ड मोजतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं तेच मोजायचे. मोजणी बरोबर यायची आणि अंदाज चुकायचा.

कारण सहाव्या रिसीव्हरची स्पर्धा पाचव्याशी नसतेच. सामन्याच्या दिवशी ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जण गणवेश चढवतात. पुढचे तिघं-चौघं जायबंदी झाल्याशिवाय सहाव्याच्या हाती चेंडू यायचा नाही. तेवढ्यासाठी कोणताही प्रशिक्षक एक पान वाढून ठेवत नाही. मग त्याने त्या दिवशी दुसरं काय करायचं? चेंडू लाथाडला जातो तेव्हाच्या तुकड्यांमध्ये, म्हणजे पंट आणि किकऑफ मारणाऱ्या आणि ते परतवणाऱ्या चार तुकड्यांमध्ये खपायचं. तिथे जागेसाठी त्याच्याशी भिडणारा असतो राखीव सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू, तिसरा टाइट एंड, एखादा अंगापिंडाने दुप्पट लाइनबॅकर. ही माणसं सरावात दुसऱ्या टोकाला, जेवताना दुसऱ्या टेबलावर. पोराला आपला खरा प्रतिस्पर्धी कोण हे बऱ्याचदा त्या मंगळवारीच कळतं.

पिट्सबर्गचा संघ, स्टीलर्स, १९६० च्या दशकापासून उन्हाळ्यात लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजात शिबिर भरवतो. माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर. उतारावर गवतात बसून सराव बघता येतो. चेंडू फेकणाऱ्या यंत्रापुढे उभं राहून पोरं शंभर-शंभर झेल घेतात, तिथे लहान मुलांची गर्दी असते. मी पलीकडच्या कोपऱ्यात बघत असते. तिथे पंटचा सराव चाललेला असतो आणि प्रेक्षक जवळपास नसतात.

पंटमध्ये एक नियम आहे. लाथ बसेपर्यंत मारणाऱ्या संघाच्या फक्त टोकाच्या दोघांना डाव सुरू होतो ती रेषा ओलांडून पुढे पळता येतं, बाकीच्यांनी थांबायचं. या दोघांना 'गनर' म्हणतात. चेंडू साडेचार सेकंद हवेत असतो आणि पंचेचाळीसेक यार्ड लांब पडतो. तेवढ्यात गनरने तिथे पोचायचं, आणि त्याला अडवायला समोर एक, कधी दोन बचावपटू उभे असतात.

मी पाहिलेला एक डाव सांगते. गनर डाव्या कडेला, समोर दोघं. चेंडू मागे जाताच त्याने आत पाऊल टाकल्यासारखं केलं, फक्त खांदा आत नेला, पाय जागेवरच. आतला बचावपटू फसला, वजन उजव्या पायावर गेलं. गनर बाहेरून निघाला. बाहेरच्याने त्याच्या बरगडीत दोन्ही तळवे रोवले आणि ढकलत ढकलत त्याला मैदानाच्या कडेच्या रेषेबाहेर काढलं. तिथे दुसऱ्या संघाचे राखीव खेळाडू उभे असतात. त्यांच्यामधून तीन पावलं पळून तो पुन्हा आत शिरला, कारण बाहेर रेंगाळलात तर दंड. मग चाळीस यार्ड सरळ धाव. चेंडू खाली येत होता, झेलणाऱ्याने मान खाली करून एकदा याच्याकडे पाहिलं आणि हात वर करून हलवला. याचा अर्थ, मी पळत नाही, मला पाडू नका. गनर त्याच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबला. डाव संपला. सामन्याच्या तक्त्यात या पोराच्या नावावर काहीही नाही. माझ्या तक्त्यात एक ठसठशीत अधिक.

खांद्याची ती हूल मला लगेच दिसली, कारण मी खो-खो खेळलेय. नऊ जणी मैदानात, मी बहुतेक वेळा दहावी. बाहेर बसणाऱ्याला पाय फार दिसतात.

या धंद्याचं टोक म्हणजे मॅथ्यू स्लेटर. २००८ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी त्याला पाचव्या फेरीत घेतलं, रिसीव्हर म्हणून. सोळा हंगाम तो खेळला आणि यादीत शेवटपर्यंत रिसीव्हर असंच लिहिलेलं होतं. सोळा हंगामांत त्याने झेल किती घेतले? एक. २०११ मध्ये मायामीविरुद्ध, ४६ यार्डांचा. त्याच काळात गनर म्हणून त्याची दहा वेळा 'प्रो बोल'साठी, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंमध्ये, निवड झाली आणि तीन सुपर बोल त्याने जिंकले. त्याच्याआधी बफेलोचा स्टीव्ह टास्कर. १९८६ मध्ये त्याला ह्यूस्टनने सोडलं आणि बफेलोने उचललं. पुढे सात प्रो बोल, त्यातल्या एकात सर्वोत्तम खेळाडूचा मान. हॉल ऑफ फेमने त्याला अजून आत घेतलेलं नाही. माझ्या मते हा उघड अन्याय आहे, आणि यावर मी जेवणाच्या टेबलावर भांडलेय.

अर्थात दुसऱ्या वाटेनेही पोरं आत येतात, आणि तीच गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १६ ऑगस्ट २०१०. न्यूयॉर्क जायंट्सचा व्हिक्टर क्रूझ, कुणीही न निवडलेला पोरगा, जेट्सविरुद्धच्या सराव सामन्यात १४५ यार्ड आणि तीन टचडाउन करतो. जागा पक्की. पुढच्याच हंगामात १५३६ यार्ड आणि सुपर बोल. दर ऑगस्टला कुणीतरी 'नवा क्रूझ' सापडतो. मधलं वर्ष मात्र कुणी सांगत नाही. २०१० च्या खऱ्या हंगामात क्रूझचा एकही झेल नाही. तीन सामने, मग मांडीचा स्नायू, मग घरी. ऑगस्टच्या सामन्यातलं शेवटचं सत्र फसवं असतं. रिसीव्हरसमोरचा बचावपटूही आठवडाभरात सामान बांधणारा असतो. तिथला टचडाउन मी अर्धाच धरते.

माझा जास्त विश्वास ॲडम थीलनच्या वाटेवर. मिनेसोटातल्याच एका लहान कॉलेजचा, २०१३ मध्ये न निवडलेला. मिनेसोटाच्या वायकिंग्स संघाच्या नवख्यांच्या शिबिरात चाचणीपुरता बोलावला गेला, वर्षभर सरावाच्या तुकडीत राहिला, दुसऱ्या वर्षी पंटच्या तुकडीत. तिथे त्याने प्रतिस्पर्ध्याचा पंट अडवला आणि तोच चेंडू उचलून टचडाउन केला. झेलांचं कौतुक नंतर आलं. २०१८ मध्ये हंगामाचे पहिले सलग आठ सामने शंभरावर यार्ड. पण दार उघडलं ते लाथेच्या चेंडूने.

नियम बदलले की या पोरांची किंमतही बदलते. २०२४ पासून किकऑफला दोन्ही संघ एकमेकांपासून पाच यार्डांवर उभे राहतात आणि चेंडू पडेपर्यंत किंवा कुणी झेलेपर्यंत हलायचं नसतं. पूर्वी साठ यार्ड दौडत येऊन धडकणारा सडपातळ पोरगा लागायचा. आता दोन पावलांत भिडून समोरच्याला वळवणारा लागतो. त्याच वेळी चेंडू परतवणाऱ्याचा भाव वधारला, कारण मागे बहुतेक वेळा दोघं उभे करतात. पाच फूट नऊ इंचाचा, हात आखूड असलेला, पण गर्दीत फट दिसणारा पोरगा ज्या यादीतून सहज गळायचा, त्या यादीत आता राहतो. एका नियमाने किती घरांचं भाडं हललं असेल.

भाड्याचं उगाच म्हणत नाही. २०२५ मध्ये ५३ मधल्या नवख्याला वर्षाला किमान ८ लाख ४० हजार डॉलर. सरावाच्या तुकडीत, जिथे प्रत्येक संघ सोळा-सतरा जण ठेवतो, नवख्याला आठवड्याला १३ हजार. अठरा आठवडे टिकला तर २ लाख ३४ हजार. आणि कोणत्याही मंगळवारी तेही बंद. चार हंगाम पूर्ण न झालेल्याला सोडलं की बाकीच्या ३१ संघांना बुधवारी दुपारी बारापर्यंत त्याच्यावर हक्क सांगता येतो, आदल्या वर्षी ज्याची दशा वाईट त्याला पहिला मान. आईच्या मते ही रक्कम ऐकून कुणाची कीव करायची गरज नाही. तिला सरासरी कारकीर्द किती टिकते ते मी समजावलं, तर म्हणाली, "मग एवढ्यात साठवायला नको?"

माझ्या एका चुकीबद्दल सांगायचं राहिलं. काही वर्षांपूर्वीचा सराव सामना, चौथं सत्र. माझ्या यादीतला एक रिसीव्हर, त्याचं नाव लिहीत नाही, खोलवर पळायच्या मार्गावर होता. पाच यार्डांवर तो अचानक आत वळून थांबला. क्वार्टरबॅकने चेंडू वीस यार्ड पुढे मारला, तिथे कुणीही नव्हतं. दिसायला अगदी स्वच्छ: पोरगा थकला, मार्ग अर्धवट सोडला. मी उणे मांडलं आणि पुढे गेले. रात्रीचे अकरा वाजले होते, अजून साठ डाव शिल्लक होते. दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण मी उघडलंच नाही.

ते उघडलं दोन आठवड्यांनी, भलत्याच कारणासाठी. टोकाच्या मागून बघितलं तर समोरचा सेफ्टी चेंडू निघायच्या आधीच पुढे सरकत होता. क्वार्टरबॅकवर एक माणूस जास्त येणार होता. अशा वेळी रिसीव्हरने खोल पळायचं नसतं. क्वार्टरबॅकला तेवढा वेळच मिळणार नसतो. मार्ग तोडून आत थांबायचं आणि चेंडू झटक्यात मिळण्याची वाट बघायची. पोराने ते वाचलं. तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकने नाही वाचलं. अकरा जणांत बरोबर असलेला तो एकटा होता आणि मूर्ख तोच दिसला.

मंगळवार तोवर उलटून गेला होता. हक्क सांगितलेल्यांच्या यादीत तो नव्हता, सरावाच्या तुकड्यांतही नव्हता. माझ्या एका उण्याने काही घडलं असेल असं मला वाटत नाही, संघाकडे स्वतःची माणसं असतात. तरी मी जुनी फाइल उघडली. आमच्या प्रणालीत खूण बदलायची तर कारण लिहावं लागतं, चौकट छोटी असते. उण्याचं अधिक केलं, चौकटीत लिहिलं: 'सेफ्टी पुढे आला होता', आणि त्या सामन्याचे उरलेले सगळे डाव दुसऱ्या कॅमेऱ्यातून पहिल्यापासून बघायला घेतले.