शारजाच्या गच्चीवरच्या थाळ्या

शारजा हे नाव आपल्या वस्त्यांत टीव्हीनेच पोचवले. २२ आणि २४ एप्रिल १९९८ या दोन दिवशी सचिन तेंडुलकरने तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ आणि १३४ धावा काढल्या, तेव्हा ज्याच्या घरी संच होता त्याच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. ते मैदान कोणत्या देशात आहे याची पुष्कळांना कल्पनाही नव्हती. शारजा ही संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींपैकी एक. दुबईला अगदी खेटून, पण घरभाडे दुबईहून कमी. म्हणून दुबईत राबणारी हजारो भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कुटुंबे रात्री झोपायला शारजात येतात.

माझी लेक, जावई आणि दोन नातवंडे त्यांतलीच. जावईबापू एसी दुरुस्तीचे काम करतात. पहाटे पाचला कंपनीच्या गाडीत बसतात, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. २०२४ च्या नोव्हेंबरात मी तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे गेले. दुबई पाहून आलेली माणसे उंच इमारतींची आणि सोन्याच्या बाजाराची वर्णने करतात. मी या लेखात एका टीव्हीच्या बिलाविषयी सांगणार आहे. आपल्या समाजातली पुष्कळ मुले आज आखातात आहेत, म्हणून ते सांगण्यासारखे आहे.

घर रोल्ला भागात, सहाव्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि कपडे वाळत घालता येतील एवढा सज्जा. टीव्हीचे मासिक बिल २१० दिरहम. त्या वेळी एका दिरहमचे साधारण तेवीस रुपये होत. म्हणजे वर्षाचा हिशेब अठ्ठावन्न हजार रुपयांच्या घरात गेला. इकडे गावी जावयांच्या धाकट्या बहिणीचे नर्सिंगचे शिक्षण चालू, आणि तिच्या फीचा हप्ता दर वेळी उसनवारीवर. शेकड्यांनी वाहिन्या येत होत्या. त्यांतल्या किती पाहतात हे मी आठवडाभर बसून मोजले, तर सात.

"मग बंद करून टाका," असे म्हणायला कोणाला काय जाते? जावई तेच म्हणत होते, आणि त्यावरून घरात कुरबूर होती. पण लेकीची बाजू मला दिसत होती. नवरा चौदा-पंधरा तास बाहेर, मुले शाळेत, शेजारच्या दाराआड कोण राहते हे दोन वर्षांत कळलेले नाही. आपल्या चाळीत पातेले पडले तरी चार जणी विचारायला येतात. इथे दिवसभर मराठीचा एक शब्द कानावर पडायचा तो त्या खोक्यातूनच. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. आपल्याकडे साडेआठला लागणारी मालिका तिथे सातला लागते, आणि त्या वेळी ती भाजी चिरायला टीव्हीसमोर बसायची. ती मालिका म्हणजे तिचा शेजार होता. तो शेजार तोडायचा तर त्याच्या जागी काहीतरी द्यायला हवे, एवढे माझ्या मनाशी पक्के झाले.

एका रविवारी, जावयांच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही गच्चीवर गेलो. समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर थाळीच्या आकाराच्या डिश अँटेना, काही गंजलेल्या, काही धुळीने तांबूस झालेल्या. जावयांनी एक गंमत दाखवली. बहुतेक थाळ्यांची तोंडे पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला होती. मोजक्याच, पण आकाराने मोठ्या अशा थाळ्या पूर्वेकडे पाहत होत्या. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे राहतात. अरबी वाहिन्यांचा नाईलसॅट ७ अंश पश्चिमेला, अरबसॅटचे बद्र २६ अंश पूर्वेला. शारजा पंचावन्न अंशांच्या थोडे पुढे. त्यामुळे हे दोन्ही तिथून पश्चिमेच्या अंगाला दिसतात. आपल्या दूरदर्शनचे उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे पार दुसऱ्या दिशेला. गच्चीवरची थाळी पाहून त्या घरातला माणूस कुठला हे ओळखता येते, असे जावई हसून म्हणाले.

दूरदर्शनचे आखाताशी नाते जुने आहे. १४ मार्च १९९५ रोजी परदेशासाठी वेगळी वाहिनी सुरू झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सोडलेल्या इन्सॅट-२सी उपग्रहामुळे आपले कार्यक्रम भारताच्या सीमेपलीकडे दिसू लागले. पण आज आपल्या घरी 'फ्री डिश'वर जे फुकट दिसते ते तिथे सहज मिळत नाही. त्या लहरी भारतभूमीवर रोखलेल्या असतात, कडेला विरळ होत जातात, आणि त्या पकडायला थाळी मोठी लागते. भाड्याच्या घरातल्या माणसाने असली थाळी कुठे उभी करायची?

म्हणून आम्ही पश्चिमेकडे वळलो. उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या दोन प्रकारच्या. काही सांकेतिक, म्हणजे कार्ड आणि पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या. काही मोकळ्या, ज्यांचा खर्च जाहिरातींतून निघतो. अरबी जगात मोकळ्या वाहिन्या भरपूर आहेत. अरबांना हिंदी सिनेमाचे वेड असल्यामुळे 'झी अफलाम' ही वाहिनी २००८ साली आणि 'एमबीसी बॉलिवूड' २०१३ साली सुरू झाली. चित्रपट हिंदीत बोलतात, खाली अरबी अक्षरे धावतात. दर महिन्याला पैसे भरून लेक हेच सिनेमे पाहत होती!

आता थाळी बसवायची कुठे, हा प्रश्न होता. इमारतीच्या रखवालदाराला विचारले. तो पेशावरकडचा म्हातारा पठाण. त्याने उलट विचारले, "भिंतीत जॅक आहे ना?" इमारतीची सामाईक थाळी गच्चीवर होतीच, आणि तिची तार प्रत्येक घरात आणलेली होती. आमच्या घरातला जॅक कपाटामागे, रंगाचे दोन हात बसून बुजलेला. जावयांनी चाकूने रंग खरवडला. राहिला प्रश्न रिसीव्हरचा.

त्यासाठी दुबईला जायचे ठरले. रिसीव्हर रोल्लातही मिळाला असता, पण त्या निमित्ताने नातवंडांना होडीत बसायचे होते. शारजाच्या जुबैल स्थानकावरून बस थेट दुबईच्या घुबैबा स्थानकावर सोडते. तिथून पायी अल फहिदी रस्ता, दोन्ही बाजूंना विजेच्या वस्तूंची दुकाने. खाडी ओलांडायला 'अब्रा' नावाची लाकडी होडी आहे, भाडे माणशी एक दिरहम. पलीकडे देरा बाजूच्या धक्क्यावर इराण आणि आफ्रिकेकडे जाणारी गलबते लागलेली असतात. डेकवर फ्रिज, टायर, बिस्किटांची खोकी, सगळे उघड्यावर रचलेले. एवढ्या मोठ्या शहरात मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

दुकानात मोकळ्या वाहिन्यांचा साधा रिसीव्हर ८५ दिरहमला पडला. दुकानदाराने आणखी दोन गोष्टी दाखवल्या, त्यांच्याविषयी वाचकांना सावध केले पाहिजे. एक, भारतातून आणलेले डीटीएचचे खोके आणि कार्ड. ते कार्ड भारतातल्या पत्त्यावर, भारतापुरतेच दिलेले असते. परदेशात ते चालवणे नियमाला धरून नाही, आणि केव्हा बंद पडेल याचा भरवसा नाही. दुसरे, 'सगळ्या जगातल्या वाहिन्या, वर्षाला एकदाच पैसे' असे सांगणारे इंटरनेटवरचे खोके. तो चोरीचा माल. कोणी सांगतात की व्हीपीएन वापरून आपला ठावठिकाणा बदला आणि काहीही पाहा. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी असा ठावठिकाणा दडवल्यास तिथल्या कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. पाच लाख दिरहम म्हणजे आपले एक कोटीच्या वर. ज्याचा व्हिसा मालकाच्या हातात आहे त्याने मालिकेसाठी असला धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिसीव्हर लावल्यावर पहिल्याच रात्री सिनेमा दिसला. मालिकांचे मात्र हसू आले. त्या अरबीत डब केलेल्या असतात. साडी नेसलेली, कपाळाला टिकली लावलेली सून सासूला अरबीत ताडताड उत्तर देत होती. नातवंडे खूश झाली, कारण त्यांना शाळेत अरबी सक्तीचे आहे. मुलांच्या 'एमबीसी ३' आणि 'स्पेसटून' या वाहिन्याही मोकळ्याच. थोरला नातू दोन आठवड्यांत मला त्यांतले शब्द शिकवू लागला.

मराठीचे काय? घरी इंटरनेट होतेच. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि विनामूल्य दिसतात, सह्याद्रीचे कार्यक्रमही सापडतात. ६ डिसेंबरला शुक्रवार होता, शारजात सरकारी सुट्टीचा वार, त्यामुळे मुले घरी होती. दादरच्या चैत्यभूमीवरची रांग आम्ही टीव्हीच्या पडद्यावर थेट पाहिली, एक पैसाही न देता. त्या रांगेत मी उभी नव्हते असे वर्ष आठवत नाही. धाकटीने विचारले, "आजी, एवढी माणसं कुठं चाललीत?" मग दुपारभर तेच सांगत बसले.

आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' या अॅपवर आपली केंद्रे ऐकू येतात, हे मात्र लेकीला ठाऊक नव्हते. टीव्हीपुढे बसावे लागते, रेडिओ चालू ठेवून पोळ्या लाटता येतात. तिथल्या एफएमवर हिंदी आणि मल्याळम केंद्रे आहेत, मराठी मला एकही सापडले नाही. आकाशवाणीवरच्या मराठी बातम्या लागल्या की लेक गॅस बारीक करायची.

क्रिकेटची अडचण खरी. सामन्यांचे हक्क पैसे भरून घेणाऱ्यांकडेच असतात. पण रोल्लातल्या केरळी कॅफेटेरियांत भारताचा सामना असला की भिंतीवरचा टीव्ही हमखास चालू असतो. एक-दीड दिरहमचा कडक चहा घ्यावा आणि उभ्याने पाहावे. जावई मित्रांबरोबर जाऊ लागले. घरात एकट्याने बसून पाहण्यापेक्षा त्यांना ते गोड लागले असावे, कारण चहाचे तीन-तीन कप होऊ लागले.

लेकीचा शेजार मात्र कोणत्याच तारेतून येणार नव्हता. रोल्ला हे नाव एका वडाच्या झाडावरून पडले. एकोणिसाव्या शतकात लावलेला तो वड १९७८ साली गेला, आता तिथे चौकोनी बाग आहे. वडाखाली पूर्वी बाजार भरायचा आणि ईदला झोके बांधायचे, म्हणे. आजही संध्याकाळी त्या बागेत माणूस मावत नाही. मी रोज पाचला नातवंडांना घेऊन जाऊ लागले. लेक पहिले दोन दिवस नाही म्हणाली, तिसऱ्या दिवशी आली. आठवड्यात तिला तिघी भेटल्या. एक सोलापूरची, एक खामगावची, एक बेळगावकडची. सोलापूरची तर आमच्याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहत होती!

तिनेच शारजाच्या पुस्तक जत्रेची माहिती दिली. १९८२ पासून दरवर्षी भरणारी ही जत्रा २०२४ मध्ये ६ ते १७ नोव्हेंबर एक्स्पो सेंटरमध्ये होती. प्रवेश फुकट. तिथे मल्याळम पुस्तकांसाठी जी झुंबड होती ती पाहून थक्क झाले. गवंडी, ड्रायव्हर, परिचारिका, सगळे पिशव्या भरभरून पुस्तके नेत होते. मराठी पुस्तकांसाठी मी बराच वेळ फिरले आणि रिकाम्या हाताने परतले. केरळच्या कामगारांनी आपली भाषा तिथे पुस्तकांतून नेली. आपण ती फक्त मालिकांतून नेली, असे तेव्हा वाटले. परत आल्यावर मी मुलांसाठी बालभारतीची पाच पुस्तके येणाऱ्या माणसाबरोबर पाठवली.

राहिला कंपनीचा करार. तो वर्षाचा होता आणि मुदत संपली की आपोआप वाढणारा. मुदतीआधी सोडले तर दंड. करार जानेवारीच्या अखेरीस संपत होता. महिनाभर आधी लेखी कळवावे लागते हे कलम बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर होते. लेकीने डिसेंबरातच अर्ज दिला. काउंटरवरच्या मुलाने आधी अर्धे पैसे कमी करतो म्हणून सांगितले, मग तीन महिने फुकट देतो म्हणाला. लेक म्हणाली, "मला नकोच आहे." खोके, रिमोट आणि तार परत केल्याची शिक्का मारलेली पावती मागून घेतली. जावई म्हणाले, पावती कशाला? पुढच्या महिन्यात पुन्हा २१० दिरहमचे बिल आले, तेव्हा त्याच पावतीवर ते रद्द झाले.

फेब्रुवारीत मी परतले. आता संध्याकाळी लेकीचा फोन येतो. तिथे व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नाही, 'बोटिम' नावाच्या अॅपवरून येतो. नातू पाचवीचे मराठीचे पुस्तक उघडून बसतो, अडखळत धडा वाचतो, मी इकडून चुका सांगते. मागून भाजीला फोडणी दिल्याचा आवाज येतो, आणि चौथ्या मजल्यावरची सोलापूरची बाई काहीतरी सांगत असते. नर्सिंगच्या फीचा मार्चचा हप्ता वेळेवर गेला.