पेढ्याचं कॅलेंडर

आमच्या कुत्र्याचं नाव पेढा. अकरा वर्षांपूर्वी तो घरी आला तेव्हा लेक पाच वर्षांची होती. त्याचा रंग बघून ती म्हणाली, "आई, हा सेम आजीच्या पार्सलमधल्या पेढ्यासारखा आहे." झालं, नाव पडलं. व्हेटच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट त्याला आजही 'पेडा' म्हणते. आम्हीही दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं.

मी सांगलीची. आमच्या वाड्यात मोती नावाचा कुत्रा होता. म्हणजे तो सगळ्या गल्लीचाच. रात्रीची उरलेली भाकरी खायचा, उन्हात पडायचा आणि एके दिवशी दिसेनासा झाला. त्याला डॉक्टरकडे न्यावं असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यामुळे न्यू जर्सीत येऊन कुत्र्याच्या सांधेदुखीसाठी अपॉइंटमेंट घेताना मला सुरुवातीला हसूच आलं होतं. पण गेल्या वर्षीच्या जानेवारीत पेढा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून वर बघायला लागला. तेव्हा हसू गेलं.

व्हेटने त्याची कंबर तपासली, एक्स-रे काढला आणि संधिवाताचं निदान केलं. कारप्रोफेन नावाची गोळी दिली, ७५ मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा. पेढ्याचं वजन तेव्हा ७५ पौंड होतं, म्हणजे डोस अगदी नेमका. गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्यायचं का, असंही तिने विचारलं. त्या महिन्यात घराच्या हीटिंगचं मोठं बिल आलं होतं. मी म्हटलं, "आत्ता नको, पुढच्या वेळी बघू." हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

चौथ्या दिवशी पेढा जिना चढून थेट आमच्या पलंगावर. नवरा म्हणाला, "ही गोळी मलाच सुरू करा." पंधरा दिवस घरात आनंदीआनंद.

तिसऱ्या आठवड्यात त्याने सकाळचं खाणं अर्धं ठेवलं. ज्यांच्याकडे लॅब्रॅडॉर आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. लॅब्रॅडॉरने अन्न ठेवणं म्हणजे गणपतीने मोदकाकडे पाठ फिरवण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी उलटी. मग तो सारखं पाणी प्यायला लागला आणि रात्री दोनदा बाहेर जायचं म्हणून उठवायला लागला. मी दवाखान्यात फोन केला. निरोप मिळाला, "डॉक्टर म्हणतात, पोट बिघडलं असेल. भात आणि उकडलेलं चिकन द्या." दिलं. त्याने भात हुंगला आणि तोंड फिरवलं.

मग मी त्याला घेऊन गेले. डॉक्टर घाईत होती. बाहेर सात-आठ जनावरं आपापल्या माणसांबरोबर बसली होती. मी म्हटलं, "सॉरी, तुम्हाला त्रास देतेय, पण मला वाटतं हे त्या गोळीमुळे असेल." ती हसली. वाईट हसली नाही, दमलेलं हसली. म्हणाली, "तुम्ही इंटरनेटवर वाचलं का? हे औषध हजारो कुत्री घेतात. तो दहा वर्षांचा आहे, वयाप्रमाणे असं व्हायचंच." पोट दाबून बघितलं, उलटीवर एक औषध दिलं, आणि आठ मिनिटांत आम्ही पार्किंगमध्ये होतो.

गाडीत लेक म्हणाली, "आई, तू बोलायच्या आधी सॉरी का म्हणतेस?"

मला उत्तर देता आलं नाही. बावीस वर्षं या देशात आहे. ऑफिसात वीस माणसांसमोर प्रेझेंटेशन देते. पण डॉक्टरसमोर बसले की मी पुन्हा सांगलीतली मुलगी होते, डॉक्टर काही विचारतील तेवढंच बोलणारी. त्यात उच्चार वेगळा, त्यामुळे आपलं म्हणणं आधीच थोडं हलकं तोललं जातंय असं सतत वाटत राहतं. खरंच तसं होतं की माझ्याच मनात आहे, कोण जाणे. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, ती शिकलेली डॉक्टर आहे. तिला जास्त कळतं की तुला?" त्यालाही उत्तर नव्हतं. फक्त खाली बघितलं तर पेढा माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडला होता. ते मुकं जनावर कोणाकडे तक्रार करणार?

रात्री आईला फोन लावला. आमच्या आईला कुत्र्यांचं विशेष प्रेम नाही, पण तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा खोकला आठवतो का तुला?"

आठवला. आईला ब्लड प्रेशरसाठी एनालाप्रिलची गोळी सुरू झाली होती, आणि काही दिवसांतच कोरडा खोकला लागला. तो काही जाईना. घरच्यांनी अडुळसा दिला, हळद-दूध दिलं, कोणी धुळीला दोष दिला, कोणी साखर कारखान्याच्या धुराला. डॉक्टर म्हणाले, "काकू, वयाने होतं, मनावर घेऊ नका." आईने मनावर घेतलं नाही, कालनिर्णयवर घेतलं. ज्या चौकोनात दुधाचा रतीब आणि गॅसची टाकी लिहायची, त्यातच तिने 'गोळी सुरू' लिहिलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यापासून 'खो' असं बारीक अक्षर. आठ महिने. शेवटी एका तरुण डॉक्टरसमोर तिने ती पानंच ठेवली. त्याने पानं उलटली, गोळी बदलली, आणि महिन्याभरात खोकला गेला. एनालाप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला होऊ शकतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेलंच आहे. फक्त ते आईच्या बाबतीत तपासायला कोणी थांबलं नव्हतं.

"तोंडाने सांगितलं की बाईचं रडगाणं होतं," आई म्हणाली. "लिहून दाखवलं की पुरावा होतो. तारखा लिही."

मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं आणि आठवून आठवून लिहायला बसले. गोळी कधी सुरू केली, पहिल्यांदा अन्न कधी ठेवलं, किती उलट्या, पाण्याचं भांडं दिवसातून किती वेळा भरलं. औषधाच्या पिशवीची तारीख बघायला ड्रॉवर उघडला, तर कूपनांच्या खाली एक घडी घातलेला कागद सापडला. गोळ्यांबरोबर आलेलं माहितीपत्रक. मी ते उघडलंही नव्हतं. त्यात साध्या इंग्रजीत लिहिलं होतं: भूक कमी होणं, उलटी, काळी शी, तहान किंवा लघवी बदलणं, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसणं, यातलं काही दिसलं तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा. माझ्या कॅलेंडरवरच्या तीन गोष्टी त्या यादीत होत्या. मी त्या रात्रीची गोळी दिली नाही.

सकाळी पुन्हा दवाखान्यात निघताना लेकीने मला एक वाक्य शिकवलं. तिच्या शाळेतल्या डिबेट टीमच्या तालमीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरसमोर मी कॅलेंडर ठेवलं, माहितीपत्रक ठेवलं, आणि सॉरी न म्हणता म्हणाले, "मला आज त्याच्या यकृताची आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी हवी आहे. ती गरजेची नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर मी मागितली होती आणि तुम्ही का नाही म्हणालात, एवढं त्याच्या फाइलमध्ये लिहा."

डॉक्टर कॅलेंडरकडे बघत राहिली. बोटाने तारखा मोजल्या. मग पेढ्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि म्हणाली, "आत्ता रक्त घेऊ."

यकृताचे आकडे मर्यादेच्या कितीतरी पट वर होते. त्याच दिवशी पेढ्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. दोन रात्री सलाइनवर. बिलाचा आकडा सांगत नाही. आमच्या तिघांची सांगलीची तिकिटं त्यात झाली असती. तिसऱ्या दिवशी त्याने नर्सच्या हातातलं सगळं खाल्लं, आणि फोनवर ते ऐकून लेक ढसाढसा रडली.

संध्याकाळी आमच्या व्हेटचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं होतं मी चिडेन, पण तिने आधी विचारलं, "तो कसा आहे?" मग म्हणाली, "पहिल्या दिवशी मी तुमचं ऐकायला हवं होतं." थोडं थांबून पुढे म्हणाली, "गोळीनेच झालं असं मी शंभर टक्के सांगू शकत नाही. आधीचं रक्त तपासलेलं असतं तर सांगता आलं असतं."

हेच ते वाक्य. "आत्ता नको, पुढच्या वेळी बघू." तिने आठ मिनिटांत मला वाटेला लावलं हे खरं. आणि तिने विचारलेली तपासणी पैसे वाचवायला मीच नाकारली, तिने दिलेला कागद मीच ड्रॉवरमध्ये टाकला, हेही तितकंच खरं. हे लिहायला मला सोपं जात नाहीये.

नंतर मी वाचलं. कारप्रोफेन इथे १९९०च्या दशकापासून कुत्र्यांना दिलं जातंय आणि बहुतेक कुत्र्यांना ते मानवतं. आमच्या शेजारची म्हातारी बीगल कित्येक वर्षं त्याच गोळीवर मजेत फिरतेय. १९९८ साली या औषधानंतर यकृत बिघडलेल्या २१ कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यात १३ लॅब्रॅडॉर होते. लॅब्रॅडॉर पाळणारेच जास्त, त्यामुळे एवढ्यावरून त्या जातीला धोका जास्त असं म्हणता येत नाही. पण असं क्वचित होतं, हे माहीत असलेलं आहे. 'क्वचित' म्हणजे 'कधीच नाही' नव्हे. ते क्वचित ज्याच्या घरी घडतं, त्याच्यासाठी ते शंभर टक्केच असतं.

आमच्या व्हेटने औषध कंपनीला कळवलं. मीही एफडीएच्या जनावरांच्या औषधांच्या विभागाला फॉर्म भरून पाठवला. तो डॉक्टरच पाठवू शकतात असं नाही, मालकालाही पाठवता येतो. इंग्लंडमधल्या मंडळींना तशीच सोय व्हेटरिनरी मेडिसिन्स डायरेक्टोरेटकडे आहे. एका फॉर्मने काही सिद्ध होत नाही. पण माहितीपत्रकावरची ती यादी अशाच फॉर्मांमधूनही वाढत जाते.

आम्ही व्हेट बदलली नाही. नवऱ्याला आश्चर्य वाटलं. पण चूक कबूल करणारी डॉक्टर पुन्हा शोधायची कुठे? आता नवीन औषध म्हटलं की ती आधी रक्त घेते आणि मी नाही म्हणत नाही. पेढ्याचं वजन नऊ पौंडांनी उतरवलंय, लाकडी फरशीवर सतरंज्या अंथरल्यात, जिन्याला खाली दार लावलंय. त्याचे पाय दुखतात. काही दिवस जास्त, काही दिवस कमी. ती बिनदुखी धाव परत आली नाही, आणि तो पलंगावरही येत नाही. आम्हीच खाली सतरंजीवर झोपतो, आळीपाळीने.

परवा आईने कोणाबरोबर तरी नवीन कालनिर्णय पाठवलं. लेकीने ते फ्रीजला लावलं. दिवाळीच्या चौकोनात तिने तिच्या वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलंय: 'चिवड्यात बेदाणे नको, पेढा खातो.' बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, म्हणून. आणि त्याच्याखाली, आजीसारख्याच बारीक अक्षरात: 'जेवला. सगळं.'