लासलगाव ते कसारा : जुना ट्रक आणि पाऊस

पावसाळ्यात निफाड तालुक्यातील लासलगावला गेलात, तर कांद्याने भरलेल्या ट्रकांची रांग दिसेल. त्यांतला एखादा जुना ट्रक नाशिकमार्गे आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघतो. इगतपुरीला पावसाची झड लागते आणि पुढे कसारा घाटाचा उतार! तिथे दिवे मंद झाले, तर माणूस आणि माल दोन्ही धोक्यात. भिजलेला कांदा मिस्त्रीची वाट पाहत नाही.

डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते, म्हणून सेल्फ जोरात फिरलाच पाहिजे. तो रेंगाळला की लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार पाहा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवा, घासा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीन लावा. वायर सोडताना अर्थची आधी सोडा, जोडताना ती शेवटी जोडा. इंजिन आणि चासी यांमधली अर्थपट्टी गंजली नाही ना, तेही पाहा. बॅटरीत विहिरीचे पाणी नको, डिस्टिल्ड वॉटरच घाला. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांची जोडी असेल, तर एक जुनी, एक नवी असे करू नका.

फ्यूज उडाला म्हणून जाड तार बांधू नका. वायर तापून आग लागेल. वायरचे रबर कुठे घासले आहे ते शोधा.

माल भरण्यापूर्वी आणि घाट उतरण्यापूर्वी दिवे लावून पाहा. ट्रक भाड्याचा असला, तरी कांदा आपलाच आहे!