भाऊबंद

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषेने काटकसर केलेली नाही. इंग्रजी भाषा ज्यांना ‘कझिन’ या एकाच शब्दाच्या गाठोड्यात बांधून मोकळी होते, त्यांची आपण चार घरी व्यवस्था लावली आहे : चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ. परंतु याच भाषेने एक कटू अनुभवही नोंदवून ठेवला आहे. ‘माणूस’ या शब्दास ‘की’ हा प्रत्यय लागला म्हणजे तो शब्द वर चढतो. माणुसकी हा मोठा सद्गुण होय. उलट ‘भाऊबंद’ या शब्दास तोच प्रत्यय लागला की तो खाली घसरतो. भाऊबंदकी म्हणजे भांडण, आणि तेही बहुधा जमिनीचे. आपल्याच माणसांच्या नावावरून कलहाचे नाव पाडावयास पूर्वजांना किती पिढ्यांचा अनुभव लागला असेल!

हा घसरता प्रत्यय आपल्या घराला लागू नये म्हणून आयुष्यभर जपलेला एक मनुष्य मी जवळून पाहिला. ते माझे चुलतभाऊ. माझ्याहून ते अठरा वर्षांनी वडील. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. काका अकाली गेले तेव्हा दादा नुकतेच मॅट्रिक झाले होते. गणितात त्यांचे डोके चांगले चाले; पण माझे वडील नोकरीनिमित्त पुण्यास, आजोबा थकलेले, आणि शेत तर दारात उभे. दादांनी पुस्तके माळ्यावर ठेवली व नांगर हाती घेतला. याविषयी त्यांनी पुढे कधी खंत केली नाही, अथवा त्यागाचा तोराही मिरवला नाही. कोणी विषय काढलाच तर, “शेतात काय गणित कमी आहे?” एवढेच ते म्हणत.

आमचे गाव कर्जत तालुक्यात, पेज नदीच्या काठी. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख पावसाळ्यात पाण्याने तुडुंब होतो, आणि दिवाळीनंतर त्याचे ओढे एकामागून एक आटू लागतात. असे असूनही येथे उन्हाळी भात पिकतो, तो घाटावरच्या पाण्यामुळे. मावळातील आंद्रा नदीचे अडविलेले पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजगृहात १९२२ पासून येऊ लागले. वीज देऊन झाली म्हणजे ते पेजेत उतरते व राजनाल्यावाटे शेतांत खेळते. शेजारच्या खालापूर तालुक्यातही तोच प्रकार. खोपोलीचे वीजगृह १९१५ सालचे. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी तेथून पाताळगंगेस मिळते. एरवी जे पाणी भीमेवाटे पूर्वेच्या समुद्राकडे जावयाचे, ते असे कोकणात नांदावयास आले आहे. दादा म्हणत, “हे पाणी लेकीसारखे. जन्म घाटावर, पण राबायचे सासरी.”

लेकींचा विचार त्यांच्या मनात नेहमी असे, त्यास कारण आमच्या दोन आत्या. दोघीही खालापूर तालुक्यात दिलेल्या; थोरली खोपोलीच्या पलीकडे, धाकटी चौकाच्या बाजूस. काका गेल्यावर भाऊबीजेला आत्यांकडे कोणी जावयाचे, हा प्रश्न घरात निघाला. वडिलांना दरवर्षी पुण्याहून येणे जमेना. दादा म्हणाले, “भाऊ नसेल तर भावाचा मुलगा जाईल. आत्याने वाट पाहून दार लावून घेता कामा नये.” तेव्हापासून भाऊबीजेस सकाळी खोपोलीची गाडी आणि दुसऱ्या दिवशी चौकाची एसटी हा त्यांचा नेम झाला. लहानपणी मीही काही वेळा त्यांच्याबरोबर गेलो आहे. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्टेशने मी त्यांच्याकडूनच पाठ केली. त्यांच्या पायांशी तांदळाची गोणी असे आणि मांडीवर नव्या पोह्यांची पिशवी. आत्या ओवाळीत, व मग कितीतरी वेळ माहेरची गाय, विहिरीचे पाणी, शेजारणीची सून अशा एकेका गोष्टीची चौकशी करीत. दादा प्रत्येक प्रश्नाचे सविस्तर उत्तर देत. घाईत असलेला मनुष्य नाते टिकवू शकत नाही, हे मी तेथे पाहिले.

त्यांची खरी परीक्षा १९७४ साली झाली. त्या वर्षी आजोबा वारले व वारसनोंदीची वेळ आली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीस बापाच्या हिश्श्यात वारसा दिलेला होता. परंतु कायदा आणि रिवाज यांच्यामध्ये आपल्याकडे एक कागद असतो, त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीस साडीचोळी करावयाची, जेवू घालावयाचे आणि सही घ्यावयाची. सही दिली नाही तर माहेर तुटेल या भीतीने ती देते, आणि या देण्यास सगळे ‘राजीखुशी’ म्हणतात. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी दादांना तोच मार्ग सांगितला. दादा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांनी वडिलांना पुण्यास पत्र पाठवून संमती घेतली आणि दोन्ही आत्यांची नावे सातबारावर लावून टाकली. त्या दिवसापासून खळ्यावर भात मापले गेले की खर्च वजा जाता आत्यांच्या हिश्श्याचा भात निराळा पडे व वहीत त्याची नोंद होई. गावात पुष्कळांनी हा भोळेपणा मानला.

पुढे काळ पालटला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, आणि ज्या वरकस जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नसे, तिच्यासाठी मोटारीतून माणसे येऊ लागली. मुंबईकरांना आठवड्याच्या सुट्टीपुरते डोंगर व हिरवे शेत पाहिजे होते. मुलीस जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क देणारी दुरुस्ती संसदेने २००५ मध्ये केली. पण आमच्या परिसरात त्या कायद्यापेक्षा दलालच घरोघर आधी पोहोचले. धाकट्या आत्येच्या मुलांनी वाटणी मागितली. मागणी न्याय्य होती. नाव सातबारावर होतेच. मोजणी झाली. दादांनी आत्यांच्या बाजूस आधी निवड करू दिली, आणि धाकटीच्या हिश्श्यास राजनाल्यालगतचे, आमच्या घराण्यातले सर्वांत चांगले शेत गेले. वर्षाच्या आत ते विकले गेले. आज तेथे भिंत आहे, फाटक आहे, आणि आठवड्यातून पाच-सहा दिवस बंद असणारा एक बंगला आहे.

त्या वेळी भाऊबंदांपैकी पुष्कळांनी दादांना ऐकविले, “तेव्हाच सही घेतली असतीत, तर आज हा प्रसंग आला नसता.” दादांनी रागावून उत्तर दिले नाही. ते म्हणाले, “सही मागायला गेलो असतो, तर भाऊबीजेला कोणत्या तोंडाने गेलो असतो?”

आणि ते गेले. शेत विकले त्या वर्षीही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चौकाची एसटी त्यांनी चुकविली नाही. आत्या तेव्हा फार थकली होती. व्यवहार मुलांनी केला होता, त्यात तिचे मन किती होते हे तिने कोणास सांगितले नाही. दादांना पाहून ती प्रथम रडली, आणि मग नेहमीप्रमाणे गोणीकडे पाहून विचारले, “आपल्या शेतातले का रे?” दादा म्हणाले, “आपल्याच.” ते खोटे नव्हते. तांदूळ त्यांच्या वाट्याच्या शेतातले होते, आणि त्या शेतास ‘आपले’ म्हणावयाचा अधिकार आत्येचा संपला आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

दादा २०२३ मध्ये गेले. नंतर त्यांच्या वह्या मी चाळल्या. वाटणी होईपर्यंत दरवर्षी ‘धाकट्या आत्या, हिस्सा’ असे लिहून पुढे तांदळाचा आकडा आहे. वाटणीनंतरच्या वर्षी ‘हिस्सा’ हा शब्द गेलेला आहे. त्या जागी ‘भाऊबीज’ असे लिहिले आहे. आकडा मात्र तोच. आत्या हयात असेतो तो बदललेला नाही.

मला वाटते, दादांचे सगळे तत्त्वज्ञान या एका नोंदीत आहे. कायद्याने जे द्यावयाचे ते त्यांनी मोजून दिले, आणि कायदा जेथे संपला तेथे तेवढेच माप प्रेमाच्या खात्यावर चालू ठेवले. पुष्कळांचे याच्या उलट असते. प्रेमाचे नाव पुढे करून ते हक्क बुडवितात आणि मग नाते का आटले म्हणून नवल करतात. भातखाचराच्या बांधाचेही असेच आहे. तो दोन शेते निराळी करतो हे खरे, पण शेतात पाणीही तोच धरून ठेवतो. आणि पावसाने खचला की दरवर्षी हाताने घालावा लागतो. दादा गेल्यानंतर आमच्या बांधाला कोण हात लावील हे मी सांगू शकत नाही. एवढे मात्र झाले की, त्यांच्या वारसनोंदीत त्यांच्या मुलीचे नाव मुलांच्या बरोबरीने लागले, आणि हक्कसोडपत्राचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.