बोअर वाढवावा की स्ट्रोक?

चिकलठाणा एमआयडीसीत आमचं रोजचं काम रिबोअरचं. ट्रॅक्टर, टेम्पो, जुन्या जीपा. मालकाला गाडी पुन्हा धंद्याला लावायची असते, बाकी काही नको असतं. मधूनच एखादा हौशी पोरगा जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेऊन येतो. ‘‘काका, सीसी वाढवायचेत. बोअर मारायचा की स्ट्रोकर क्रँक टाकायचा?’’ जालना रोडने थोडं पुढं गेलं की शेंद्रा. तिथं 2001 पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जुळायला लागल्या. त्यामुळे या गाडीवर आमच्या गावाचा जीव जरा जास्तच.

तिचं 1.8 टर्बो इंजिन म्हणजे बोअर 81 मिलिमीटर, स्ट्रोक 86.4, चार सिलिंडर मिळून 1781 सीसी. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला तर जेमतेम 22 सीसी हाती लागतात. 82.5 पर्यंत नेला तरी 1847. आणि बोअरला हात न लावता त्याच घराण्यातल्या दोन लिटर इंजिनाचा 92.8 स्ट्रोकचा क्रँक टाकला की थेट 1913! दोन्ही केलं तर 1984, म्हणजे कंपनीचंच दोन लिटर.

एवढं ऐकलं की पोरगा क्रँक शोधायला मोबाइल काढतो. त्याला थांबवावं लागतं. स्ट्रोक 6.4 ने वाढला म्हणजे पिस्टन वर 3.2 जास्त चढणार. म्हणून गजन पिनपासून माथ्यापर्यंत तेवढाच बुटका पिस्टन हवा, नाहीतर तो ब्लॉकच्या बाहेर डोकं काढेल. शिवाय तेवढ्याच वेळात त्याला जास्त पळावं लागतं: 6500 आरपीएमला सरासरी वेग सेकंदाला 18.7 मीटरवरून 20.1 वर जातो. रॉड तोच 144 चा ठेवला तर तो जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरची भिंत जास्त रेटतो. जुळणी करताना क्रँक हाताने पूर्ण फिरवून रॉडचा बोल्ट कुठं ब्लॉकला लागत नाही ना, हे बघायचंच. घाईत हेच राहून जातं.

मग बोअर वाईट का? अजिबात नाही. बजाजची पल्सर बघा. स्ट्रोक 56.4 तोच ठेवून 58 च्या बोअरला 149 सीसी, 63.5 ला 178.6, 67 ला 198.8. स्ट्रोक 62.4 केला तो 220 साठी. बोअर वाढला की व्हॉल्व्हला जागा मिळते आणि पिस्टनचा वेग वाढत नाही. वर फिरवायच्या इंजिनाला हे मानवतं. पण बजाजने प्रत्येक मापाचा सिलिंडर त्या बोअरसाठी ओतलेला होता. आपण कापतो ती ओतून झालेली भिंत. ती पातळ झाली की टर्बोच्या दाबाखाली आकार सोडते, दोन सिलिंडरमधली गॅस्केटची पट्टी अरुंद होते. आणि इथल्या उन्हाळ्यात बाहेरच चाळीसच्या वर पारा असतो. शिवाय कापलेलं लोखंड परत येत नाही. पुढच्या झिजेला कापायला काही उरलं नसेल तर स्लीव्ह मारणं आलं.

माझं मत पक्कं आहे. टर्बो गाडीत बोअर झीज मागेल तेवढाच घ्यावा, सीसी हवेत तर क्रँककडून. क्रँक टाकल्यावर लाल रेषा थोडी खाली आणावी. खालचा पिकअप इतका सुधारतो की तिची आठवणही येत नाही. विना टर्बोचं, ट्रॅकवर वर वर फिरवायचं इंजिन असेल आणि भिंतीत माल असेल, तर बोअर. आणि रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनात बदल करणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा, आरटीओत विचारून या.

एक विनंती. स्वस्तात मिळाले म्हणून ओव्हरसाइज पिस्टन आधीच मागवून आणू नका. ब्लॉक मोकळा करून, धुऊन आणा. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आडवा-उभा मोजू, भिंत किती उरलीय तपासू. मग पिस्टन मागवा. बोअर आम्ही हातात आलेल्या पिस्टनच्या मापानेच कापतो.