हमी कशाची?

नवी वस्तू घरात आली की तिच्यासोबत एक लहानशी पुस्तिका येते. वस्तू सर्वजण कौतुकाने पाहतात. पुस्तिका मात्र न वाचता कपाटात जाते. पंखा असो, घड्याळ असो किंवा मोटार असो, सगळीकडे हाच अनुभव. वस्तू बिघडली म्हणजे मग त्या पुस्तिकेची शोधाशोध सुरू होते. तिच्यात लिहिलेल्या वचनाला कंपन्या वॉरंटी म्हणतात. मराठीत त्याला हमी म्हणतात आणि आपण उर्दूत जमानत म्हणतो.

पण ही हमी कशाची असते? मुदतीत काहीही बिघडले तरी ते फुकट बदलून मिळणार, अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या घरात हा प्रश्न एका लहानशा बल्बमुळे निघाला.

माझ्या भाईजानांचे तळेगाव दाभाडे येथे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान आहे. कामासाठी त्यांना वडगाव, कामशेत, लोणावळा असे फिरावे लागते. त्यासाठी त्यांनी एक लहान मोटार घेतली. हमी तीन वर्षांची होती. चौदा महिने झाले आणि ऐन पावसाळ्यात, लोणावळ्याहून रात्री परतताना, गाडीचा डावा हेडलाइट गेला. मावळातला पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर धुके आणि पाऊस एकत्र आले की समोरचे काही दिसत नाही. त्यात एकच दिवा लागलेली मोटार समोरच्याला दुचाकी वाटते. तो तेवढीच जागा सोडतो आणि अपघात होतो. भाईजान अगदी हळूहळू गाडी चालवत घरी पोहोचले. तोपर्यंत भाभी दारातच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले, “साहेब, बल्ब हमीत येत नाही.” भाईजानांनी पैसे भरून नवा बल्ब बसवला, पण घरी आले ते चिडूनच. “तीन वर्षांची हमी आणि चौदा महिन्यांत दिवा गेला! मग हमी दिली कशाला?”

माझी पुतणी नववीत शिकते. ती आणि मी पुस्तिका घेऊन बसलो. हमीची पाने इंग्रजीत होती. एकेक ओळ वाचून तिने तिचा अर्थ वडिलांना सांगितला. साहित्यात किंवा बनावटीत दोष असेल तर तो भाग कंपनी मोफत दुरुस्त करील किंवा बदलून देईल, असे आरंभीच लिहिले होते. पुढे हमीतून वगळलेल्या भागांची यादी होती : बल्ब, फ्यूज, वायपरचे रबर, ब्रेकचे पॅड, क्लचची तबकडी. हे सारे वापराने झिजणारे भाग. बहुतेक मोटार कंपन्यांच्या पुस्तिकांत अशी यादी असते. म्हणजे हमी दोषाची असते, झिजेची नसते.

बल्ब कसा झिजतो, असे पुतणीने विचारले. साध्या हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टन धातूची बारीक तार असते. वीज वाहू लागली की ती तापून पांढरीशुभ्र होते आणि प्रकाश देते. या उष्णतेने टंगस्टनचे कण तारेवरून हळूहळू उडत राहतात. बल्बमधला आयोडीन किंवा ब्रोमीन वायू त्यांतले बरेच कण तारेवर परत आणून सोडतो, पण नेमके जिथून निघाले तिथेच नव्हे. त्यामुळे तार कुठेतरी बारीक होत जाते आणि एक दिवस तुटते. बल्ब उत्तम बनवलेला असला तरी हे होणारच.

हे ऐकून भाईजान थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मीसुद्धा गिऱ्हाइकाला मशीनची हमी देतो, सुईची देत नाही.”

गोष्ट इथेच संपली नाही. तीन आठवड्यांनी त्याच बाजूचा नवा बल्बही गेला. “बल्ब हमीत नाही,” हे उत्तर पुन्हा मिळाले. या वेळी आम्ही बल्ब फुकट मागितलाच नाही. उजवीकडचा बल्ब पहिल्यापासून चालू असताना डावीकडचाच का जातो, एवढेच विचारले. पुतणीने मराठीत अर्ज लिहिला. त्यात तारखा, गाडीचे किलोमीटर आणि बिलांचे क्रमांक घातले. अर्जाची पोच घेतली. मग दिवा उघडून पाहिला गेला. त्याच्या मागचे रबरी झाकण मुळातच नीट बसलेले नव्हते. पावसाचे पाणी आत जाऊन बल्बच्या होल्डरला गंज चढला होता. ही झीज नव्हती, बनावटीतला दोष होता. झाकण आणि होल्डर मोफत बदलून मिळाले. बल्बचे पैसे आम्ही दिले. दोन्ही गोष्टी रास्तच होत्या.

आजकाल पुष्कळ मोटारींत एलईडी दिवे असतात. त्यांतल्या अनेकांत बल्ब वेगळा निघत नाही; सगळा दिवा बदलावा लागतो आणि खर्च मोठा येतो. अशा वेळी पुस्तिकेत नुसता बल्ब वगळला आहे की संपूर्ण दिवा, हे नीट पाहावे.

हमीचे वचन कंपनी सहजासहजी टाळू शकत नाही. याचे उदाहरण तळेगावातच आहे. जनरल मोटर्सने येथे 2008 साली मोटारींचा कारखाना सुरू केला. 2017 मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे बंद केले, परंतु विकलेल्या गाड्यांच्या हमी पाळू, असे तेव्हाच जाहीर केले. 2020 च्या अखेरीस कारखान्यातले उत्पादन थांबले. 2023 मध्ये तो विकत घेण्याचा करार ह्युंदाईने केला. पाटी बदलली तरी दिलेला शब्द पाळावाच लागतो.

शब्द पाळला नाही तर ग्राहकामागे कायदा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. 1986 मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 1915 या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्लाही मिळतो. मात्र बिल, पुस्तिका आणि अर्जाची पोच जपून ठेवली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, मराठी अर्ज लिहिताना घाबरू नका. मुदत, शर्त, मोफत, दुरुस्ती हे मराठी शब्द तुम्ही घरी रोज बोलता. फक्त ‘तक्रार’ जपून वापरा. उर्दूत तकरार म्हणजे वादावादी. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. वादावादी न करताही तक्रार करता येते. आणि एक गोष्ट विसरू नका : हमीचा निकाल लागेपर्यंत रात्री एका दिव्यावर गाडी चालवू नये. बल्ब आधी बसवावा, अर्ज मग लिहावा.