विचारायचा राहिलेला प्रश्न

दहावीला विज्ञानात चांगले मार्क पडले आणि माझी रंगपेटी माळ्यावर गेली. "सायन्सला जायचं तर चित्रं कशाला?" असं शाळेतले एक सर म्हणाले. घरात कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.

मी भूम तालुक्यातल्या ईटची. आमच्या अण्णांची खव्याची भट्टी आहे. चार-पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा निघतो. लहानपणी मी कढईशेजारी बसून त्याचा रंग बदलताना बघायचे.

बीएस्सीला मुंबईत आले. एका रविवारी सकाळी मैत्रिणीने जुहूच्या पृथ्वी थिएटरला नेलं. मला वाटलं नाटक असेल, पण तिथे विज्ञानावर गप्पा चालल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, 2009 पासून 'चाय अँड व्हाय' नावाचा कार्यक्रम करते. चहा प्यायचा, शास्त्रज्ञाचं ऐकायचं, मनात येईल ते विचारायचं. माझ्या पुढे बसलेल्या शाळकरी पोराने तीनदा हात वर केला.

माझ्याकडेही प्रश्न होता: आटवताना खवा तांबूस का होतो? पण 'कढई', 'भट्टी', 'खरवड' हे शब्द तिथे कसे बोलायचे, याचा विचार करता करता कार्यक्रम संपला.

रूमवर येऊन त्या संस्थेबद्दल वाचत बसले. तिचे संस्थापक होमी भाभा स्वतः चित्रं काढायचे. संस्थेसाठी त्यांनी तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं विकत घेतली. कुलाब्याच्या इमारतीत हुसेन यांचं 'भारत भाग्य विधाता' हे भलंमोठं भित्तिचित्र आहे. म्हणजे देशातले मोठमोठे शास्त्रज्ञ रोज चित्रांसमोरून कामाला जातात. आणि माझी रंगपेटी माळ्यावर!

दिवाळीत गावी गेल्यावर अण्णांना सगळं सांगितलं.

"मग इचारलंस का?"

"नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. उलथनं फिरवत राहिले. मग मीच सांगायला लागले. दुधातली साखर आणि प्रथिनं तापली की त्यांची एकमेकांशी प्रक्रिया होते, त्यातून तो रंग आणि वास येतो. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 मध्ये हे मांडलं.

"बरं," अण्णा म्हणाले, "पण कढई कवा उतरवायची, ते सांगितलं का त्यानं?"

ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते अण्णांच्या डोळ्यांत होतं.

त्या रात्री मी रंगपेटी खाली काढली. बरेच रंग वाळले होते, उरले त्यांत पाणी घातलं. दोन दिवस कढईशेजारी बसून एका कार्डशीटवर सात चौकोन रंगवले. पहिला दुधाचा, शेवटचा करपलेल्या खव्याचा. पाचव्यावर अण्णांनी बोट ठेवलं, "पेढ्याला हा." मी तसं खाली लिहिलं आणि कागद भट्टीच्या भिंतीला चिकटवला.

दूध घालायला येणारे थांबून बघायला लागले. चौथा की पाचवा, यावर दोघांचा वाद झाला. शेजारचं एक पोरगं बराच वेळ पहिल्या चौकोनासमोर उभं होतं.

"ताई, गाय हिरवं गवत खाती, मग दूध पांढरं कसं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर अण्णा म्हणाले, "थांब. आधी त्याला च्या दे."